अक्काचं जीवशास्त्र

माजलगावात मोंढ्याजवळच्या दुकानात मोटार रिवाइंडिंगला टाकायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, परवा या. मी म्हणालो, उद्या द्या, पिकाला पाणी द्यायचंय. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. अक्का सकाळी गेली. मी दुकानदाराला म्हणालो, "परवा चालेल." आणि गाडी काढली.

पुढचे तेरा दिवस घरात माणसं येत राहिली. प्रत्येकजण बसायचा, पाणी प्यायचा, आणि जाताना अक्काचा एक किस्सा ठेवून जायचा. रडणं कमी आणि किस्से जास्त असं झालं. गंमत म्हणजे बहुतेक सगळे एकाच वर्षाचे निघाले. दुष्काळाचं वर्ष, अक्काच्या परीक्षेचं.

अक्काचा बारावीला एकच विषय राहिला होता, जीवशास्त्र. लग्नाच्या धांदलीत तो तसाच राहिला. मग ती सासर सोडून माहेरी आली, का ते तिनं सांगितलं नाही आणि तिच्या पाठीवरचे वळ बघून आईनंही विचारलं नाही. गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन अण्णा मध्ये पडले. ठरलं असं की पास झाली तर तिनं नर्सिंगला जावं. नापास झाली तर दीर येऊन घेऊन जाईल. सासरचे थांबले ते फक्त अण्णांच्या शब्दावर.

*

अभ्यास सोसायटीच्या खोलीत चालायचा. सकाळी अक्का तिथं दुधाचं माप घ्यायची, नंतर खोली आमची. मी आणि सलीम त्याच वर्षी बारावीला होतो. सलीमचे वडील पाण्याचा टँकर चालवायचे. अक्का आमच्यापेक्षा मोठी, म्हणून प्रश्न तीच विचारायची.

"पेशीत सगळ्यात जास्त काय असतं?"

"पाणी," सलीम म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "मंग अक्का, आपल्या गावातल्या समद्या पेशी अब्बाच्या टँकरवर हायत."

टँकर त्या दिवशी आला नव्हता. अक्का हसली नाही. म्हणाली, "पुढचा प्रश्न."

*

पेशीपटल काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. काही पदार्थ आत सोडतं, काही सोडत नाही, हे पाठ व्हायचं आणि उडून जायचं.

गावाबाहेर सोसायटीची चारा छावणी होती. म्हशीच्या कानात बिल्ला असेल तर फाटक उघडायचं. कोंडाबाई रोज शेळी घेऊन जायची आणि रोज परत यायची, कारण छावणीत शेळ्या घेत नसत. अक्कानं मला त्या फाटकासमोर उभं केलं.

"बघ. म्हैस आत, शेळी बाहेर. आता विसरशील?"

सराव परीक्षेत मी हेच लिहिलं. सरांनी वर्गात वाचून दाखवलं, पोरं लोळली. पण मार्क मिळाले. कोंडाबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुला मार्क भेटले, माझ्या शेळीला काय भेटलं रे?"

*

एकदा न सांगता दीर आला. खुर्ची ओढून सोसायटीच्या दारातच बसला. अक्कानं पुस्तक मिटलं नाही. स्टोव्हवर चहा ठेवला आणि आम्हाला विचारत राहिली. सुक्रोज फोडलं की काय मिळतं? ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. स्टार्च कशाचं बनतं? ग्लुकोजचं.

मग त्याच सुरात म्हणाली, "भावजी, सुक्रोज एक चमचा का दोन?"

त्यानं चहा संपवला. बशी खाली ठेवताना आवाज केला. जाताना आमच्या वडिलांना म्हणाला, "अण्णाचा शबूद हाय म्हणून थांबलोय. त्यो हाय तवर."

त्या संध्याकाळी अक्का जेवली नाही. पुस्तक घेऊन बसली.

*

प्रॅक्टिकल जवळ आलं. स्टार्चची परीक्षा आयोडीननं करतात. अक्कानं उपकेंद्रातल्या सिस्टरकडून बाटली मागून आणली. बटाट्यावर थेंब टाकला, निळाकाळा. भाताच्या पेजेत टाकला, निळाकाळा. सलीम म्हणाला, दुधात न्हाई होणार, बघू.

सकाळी प्रत्येक सभासदाच्या दुधाचे बाटलीत घेतलेले नमुने फेकायचेच होते. थोडं थोडं उकळून गार केलं आणि टाकत गेलो. पिवळट, पिवळट, पिवळट. मग एक निळं झालं.

सलीमनं त्या बाटलीचं झाकण उलटं केलं. झाकणावर सभासदाचा नंबर असायचा. होता एक. एक नंबरचे सभासद म्हणजे अण्णा.

दुधात पाणी घातलं की ते पातळ पडतं. दाट दिसावं म्हणून कुणी पीठ कालवतं. असं दूध सापडलं तर सगळ्यांसमोर मातीत ओतायचं, हा नियम सोसायटीनं त्याच साली केला होता. अण्णांनीच मांडला होता.

अक्कानं सगळ्या बाटल्या धुतल्या. आम्हाला म्हणाली, कुठं बोलायचं नाही.

सलीम कुठंच बोलला नाही. फक्त वडिलांना सांगितलं. आणि टँकर त्या दिवशी चारी वस्त्यांवर गेला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः दूध घेऊन आले. एरवी गडी यायचा. रांग भरलेली होती. वडील आमची बरणी घेऊन मध्येच उभे होते.

अण्णांनी कॅन अक्कासमोर टेबलावर ठेवला.

"पुष्पे, तुजं ते औषध काढ. उकळ, गार कर आन् टाक. समद्यांदेखत."

अक्कानं स्टोव्ह पेटवला. त्यांचं दूध उकळलं, वाटीत ओतलं, फुंकर घालून गार केलं. मग फळीवरची आयोडीनची बाटली काढली, झाकण उघडलं. वडील जमिनीकडं बघत होते.

अक्कानं झाकण परत लावलं.

"अण्णा, आयोडीन संपलं."

बाटली तिच्या हातातच होती आणि निम्मी भरलेली होती. रांगेत पुढं असलेल्या सगळ्यांना ती दिसत होती.

अण्णा बाटलीकडं बघत राहिले. मग तिच्याकडं. मागून कोंडाबाई म्हणाली, "माप घ्या की आता, उन्हं वर आली."

अण्णांनी वळून वडिलांना विचारलं, "पेपर कदी हाय पोरीचा?"

वडिलांनी सांगितलं.

"होऊ द्या," अण्णा म्हणाले. "तवर हिच्या दारात कोण येत न्हाई."

अक्कानं माप घेतलं आणि दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं. पुढचा सभासद आला.

ती पास झाली. नर्सिंगला गेली, आणि दीर पुन्हा गावात दिसला नाही.

अण्णांचं त्या सकाळचं दूध तपासायचं राहिलं.