न धडधडणारी बस

"नापास? मला? तू?"

"ओरडू नका बाबा, बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ दे! कळू दे सगळ्या डेपोला. मेलेली इंजिनं उठवून बसवली या हातांनी, आणि पोटची पोर म्हणते, नव्या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही!"

"पोर नाही म्हणत. सेफ्टी ऑफिसर म्हणतेय."

"वा मॅडम, वा!"

बाबांनी फडकं पत्र्याच्या टेबलावर आपटलं. जेवणाची सुट्टी होती, म्हणून शेडमध्ये दोघंच होती. आणि त्या दोन पांढऱ्या बस, हायड्रोजनवर चालणाऱ्या. टपावर गॅसच्या टाक्या. धूर नाही, मागच्या नळीतून नुसतं पाणी ठिबकायचं.

"काल सायरन वाजला तेव्हा काय करत होतात?"

"काम करत होतो. कामचुकार नाही मी!"

तेच तर झालं होतं. काल तिने न सांगता गॅसचा सायरन वाजवून पाहिला. कानठळ्या बसाव्यात असा आवाज. वेल्डर हातातला चहा टाकून पळाला, शेड रिकामी झाली. बाबा तेवढे बसखाली उताणे, बोल्ट आवळत, मजेत शीळ घालत. ती वाकून बघतच राहिली.

डेपोत त्यांना 'डॉक्टर' म्हणत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ जबड्याच्या हाडाला, डोळे मिटलेले. मग निदान व्हायचं, "इथे दुखतंय हिला." लोक म्हणत, काय कान आहे! कान डिझेलच्या धडधडाटाने केव्हाच खाल्ले होते. हाडाला कळायचं, त्यावर निभत होतं. आत्तासुद्धा त्यांची नजर तिच्या ओठांवरून हलत नव्हती. आजवर आपल्याला हे दिसलं कसं नाही?

"डिझेल गळलं तर मला वासाने कळतं," ते म्हणाले.

"याला वास नाही बाबा. रंग नाही. पेटला तरी दिवसाउजेडी ज्योत दिसत नाही. सायरनच काय तो सांगणार."

"मग लाल दिवा लाव."

"आहे की! बसखाली झोपल्यावर दिसतो?"

"अगं, किती दिवसांची ही थेरं? टँकर नाही आला की या महाराण्या उभ्याच. गॅस महाग, पंप एक."

"होतील पंप. विजेवर चालवायच्या तर लांबच्या पल्ल्याच्या जड गाड्यांनी टनभर बॅटऱ्या किती वाहायच्या? आणि तुमच्या डिझेलच्या गाड्या तर यंदाच भंगारात..."

तिने जीभ चावली. पण ओठ वाचून झाले होते.

"म्हणजे मी स्टोअरमध्ये नट मोजत बसू?"

"कानाचं मशीन लावून बघू ना. मी परत परीक्षा घेते."

"लावून झालंय. नुसती खरखर. आतलंच मेलंय."

एक बस चालूच होती. ते तिच्यापाशी गेले. झाकण उघडून त्यांनी स्क्रूड्रायव्हर इंजिनाच्या जागी बसवलेल्या पेटीवर टेकवला, मूठ जबड्याला लावली, डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"हिला नाडीच नाही गं," ते हळूच म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले तशी ती समोर आली. "आईला माहीत होतं?"

"तीच म्हणाली, पोरीचं शिक्षण होईतो बोलायचं नाही. मग तीच गेली. सांगायचं राहूनच गेलं."

आई बोलण्याआधी टेबलावर बोटांनी दोनदा टकटक करायची. बाबांची कोपरं टेबलावर असायची. ते लगेच मान वर करायचे. लहानपणी लेकीला वाटायचं, काय तापट बाई आहे!

बाबांनी टेबलापाशी येऊन स्क्रूड्रायव्हर पुसून तिच्यापुढे ठेवला आणि पाठ फिरवली. एक हात अजून टेबलावरच होता.

"बाबा, रागावलात?"

पाठीला काय ऐकू येणार? तिने पत्र्यावर दोनदा टकटक केली.

त्यांचा हात ताठ झाला. मग एकेक करून त्यांनी पत्र्यावरची बोटं उचलली, आणि मान न वळवता ते शेडबाहेर निघून गेले.