पावणेनऊ

दर्पण कॉलनीतल्या निम्म्या पोरांना घड्याळ शिकवलं ते कुमुदिनीबाईंनी. शाळेतून रिटायर झाल्या तरी त्यांचं पुठ्ठ्याचं घड्याळ काही सुटलं नाही. सव्वा आणि पावणे मात्र सुटले. पोरांच्या हिंदीभाषक आयांची कुरकुर सुरू झाली, "आंटी, बच्चों को पौने-वौने समझ नहीं आता, सीधा आठ पैंतालीस सिखाइए." बाई चरफडल्या, पण ऐकलं. छोटा काटा आठवर ठेवायचा, मोठा नऊवर फिरवायचा, झालं आठ पंचेचाळीस! पोरं पटापट सांगू लागली आणि बाईंनाही ते सोयीचं वाटलं.

त्या रविवारी बाई साडेआठला नई सडकेवर खरेदीला गेल्या. बाराला परतल्या तर नवरा, महिपतराव, खुर्चीत कलंडलेले. उजवा हात लोंबतोय, तोंडातून धड शब्द फुटत नाही.

सात वर्षांची नात शिखा टीव्हीसमोर होती. "आज्जी, आबा मज़ाक करतायत. कबसे अजीब बोलतायत."

"केव्हापासून गं?"

"घड़ी देखी ना मैंने! नौ पैंतालीस!"

शेजाऱ्यांच्या गाडीतून, शिखालाही घेऊन, महिपतरावांना हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूत रक्ताची गाठ अडकली असेल तर इंजेक्शन आहे, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. आधी स्कॅन. "नौ पैंतालीस? तब तो अभी डेढ़ घंटा बाकी है," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या पेशंटचं स्ट्रेचर पुढे घ्यायला सांगितलं.

बाईंनी जरा श्वास सोडला. नातीनं घड्याळ पाहून ठेवलं, याचं तशातही कौतुक वाटलं. शिखानं भिंतीकडे बोट केलं. "आज्जी, एक पैंतालीस हो गए."

बाईंनी वर पाहिलं. पाऊण वाजला होता. छोटा काटा एकला टेकायला आला होता, इतकंच.

त्या नातीकडे वळल्या. "शिखा, सकाळी छोटा काटा कुठे होता?"

"नौ पे. दोनों नौ पे."

"डॉक्टर!" बाई ओरडल्या, तेव्हा अख्खा वॉर्ड वळून पाहू लागला. "पौने नौ! नौ पैंतालीस नहीं, पौने नौ! आधा ही घंटा बचा है!"

दुसरं स्ट्रेचर थांबलं. महिपतरावांना आत नेलं. एक वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन गेलं.

चौथ्या दिवशी ते घरी आले, बोबडं बोलत, पण बोलत. बाईंनी पुठ्ठ्याचं घड्याळ काढलं आणि छोटा काटा आठवर ठेवून मोठा बारापासून पुढे फिरवला. छोटा आठवरून तसूभरही हलला नाही. इतक्या वर्षांत ते त्यांच्या लक्षात कधी आलंच नव्हतं. किती पोरांना त्यांनी असं शिकवलं होतं!

मग भिंतीवरचं खरं घड्याळ उतरवून त्यांनी शिखाला मागची कळ फिरवायला दिली. छोटा काटा हळूहळू नऊकडे सरकला.

"अरे, ये भी चलता है?" शिखाचे डोळे मोठे झाले. "तो क्या गत्तेवाली घड़ी झूठ बोलती थी?"

"घड्याळ नाही गं," बाई म्हणाल्या. "मी."