सात वाजताच्या तासाचा लिलाव

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात हेडक्लार्क म्हणून एकोणतीस वर्षं काढली. फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठले. फायलींना निदान वाळवी तरी लागते! सगळ्यात ताजे किस्से मयेकर मॅडमचे.

मॅडम एकोणचाळीस वर्षांच्या, आई मासळी विकणारी. आधीचे सगळे प्राचार्य साठीला टेकलेले पुरुष. मॅडमना वर्षभरासाठी 'प्रभारी' नेमलं. कायम करायचं की नाही, ते पुढे कमिटी ठरवणार होती. अध्यक्ष तात्या माझ्या कानात म्हणाले, "भाऊ, लक्ष ठेवा. कॉलेजचा मासळीबाजार व्हायला नको!"

*

प्राचार्यांची गाडी आली की आमचा शिपाई गणू धावत जाऊन दार उघडणार आणि बॅग घेणार. मॅडम आल्या स्कूटरवर! दार नाही, बॅग पाठीला. गणूने शेवटी हेल्मेट धरलं आणि दोन्ही हातांनी केबिनपर्यंत नेलं.

"गणूकाका, कशाला? मी आणते ना."

"ऱ्हावू दे मॅडम, वीस वर्षांची सवय. रिकामे हात बरे दिसत नाहीत!"

*

मंडणगडहून पहाटेच्या एसटीने एक गृहस्थ मुलीचं नाव कॉलेजातून काढायला आले. मॅडमना बघून म्हणाले, "बाय, सायब कधी येनार?"

"बसा, चहा घ्या. काय काम होतं?"

मुलगी वर्गात पहिली, पण घरात लग्नाचं बघायला लागले होते. "शिकून काय पोरीला असल्या खुर्चीत बसायचा हाय?"

मॅडमनी शांतपणे अर्जावर 'प्राचार्य' असा शिक्का मारला आणि सहीसाठी पेन उघडलं. गृहस्थांनी शिक्का वाचला, मॅडमच्या खुर्चीकडे बघितलं, आणि अर्ज ओढून खिशात घातला. "पोरीला सांगू नका हां. बापूस सहज आलेला!"



*

टाइमटेबलची मीटिंग म्हणजे आमच्याकडे तीन दिवसांचं भांडण. सकाळी सातचा तास कुणालाच नको! यंदा तात्याही मागे येऊन बसले होते. मॅडमनी टेबलावर हात आपटला.

"सोमवारचा सातचा तास! घेईल त्याला शनिवारी दुपारी सुट्टी. बोला!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"वर परीक्षेची एक ड्यूटी माफ! एकवार... दोनवार..."

तीन हात वर! बाकीचे वारही असेच गेले. वीस मिनिटांत टाइमटेबल तयार. एका ज्येष्ठ सरांनी तिरकसपणे विचारलं, "मॅडम, ही पद्धत कुठली?"

"मिरकरवाडा जेटीवरच्या मासळी लिलावाची, सर. माझ्या आईची. तिथे बर्फ वितळायच्या आत निकाल लागतो!"

तात्या तडक उठून गेले. आता मॅडमचं काही खरं नाही, असं मला वाटलं.

*

शेवटी कमिटी बसली. मॅडम बाहेर बाकावर, मी आत मिनिट्स लिहायला. "वय कमी आहे", "लोक काय म्हणतील", "पण कामं झाली ना!" दोन तास नऊही जण एकदम बोलत होते, कुणी कुणाचं ऐकेना. एक ओळ लिहून होत नव्हती.

तात्यांनी टेबलावर हात आपटला.

"मयेकर मॅडम, कायम! याहून चांगलं नाव असेल तर बोला. एकवार..."

सगळे गप्प.

"दोनवार..."

तात्या माझ्याकडे वळले.

"तीनवार! लिहा भाऊ, बर्फ वितळतोय!"