चैत्रापासून सुरू होणारी दिनदर्शिका

शाळेतून एका सत्राची बिनपगारी रजा घेऊन मी माझी पहिली दिनदर्शिका काढली. दिवाळीच्या प्रदर्शनात ती खपली, तर शाळा सोडून चित्रांवरच राहायचे. नाही तर सुटीनंतर पुन्हा चित्रकलेचे तास घ्यायचे. मुख्याध्यापिकांना मी तसे कळवले होते.

काम रीतसर केले होते. बारा महिने, बडोद्यातली बारा झाडे. चैत्राला मोहरलेला कडुनिंब, वैशाखाला गुलमोहर, कार्तिकाला आवळा. प्रत्येक चित्राखाली तिथी, सण, उपास. पंचांगाशी तीनदा ताडून पाहिले. दोनशे प्रती छापून घेतल्या.

प्रदर्शनाच्या पहिल्याच सकाळी एक वयस्कर गुजराती काका माझ्या टेबलाशी थांबले. आवळ्याचे पान त्यांना फार आवडले. मग त्यांनी पहिले पान उघडले.

"बेन, आ तो चैत्रथी शरू थाय छे! तो फागण सुधी भींत खाली राखुं?"

फाल्गुनापर्यंत भिंत रिकामीच ठेवू का, असे ते विचारत होते. प्रश्न रास्त होता. इथले वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी कार्तिकात उजाडते. लहानपणापासून दर वर्षी त्या दिवशी मी शेजाऱ्यांना 'साल मुबारक' म्हणत आले आहे. पण प्रतापनगरच्या आमच्या मराठी घरात वर्ष चैत्रात गुढी उभारून सुरू होते, आणि आखणी करताना मी घरातच बसले होते. मुलांना प्रश्न दोनदा वाचायला सांगणाऱ्या मला, ही दिनदर्शिका कोणाच्या भिंतीसाठी आहे, हे एकदाही विचारायचे सुचले नाही.

शेजारच्या टेबलावर तोरणे विकणाऱ्या बाई माझ्याशी मराठीतच बोलत. "टीचर, तुमच्या वर्षाला फार झोप येते काय? पाच महिने उशिरा उठते!"

मी हसले. संध्याकाळपर्यंत आणखी पुष्कळांनी तेच विचारले आणि प्रती परत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी आणि कटर नेले. वरची तार सोडवायची, पान सपाट धरायचे, पट्टी घट्ट दाबायची आणि एकाच ओढीत चित्राखालच्या तिथी कापून टाकायच्या. सुटी चित्रे लोक आनंदाने घेऊ लागले.

"हे बघा, आता चालली ना गाडी!" तोरणवाल्या बाई म्हणाल्या. "दर वर्षी असेच कापा."

त्या मनापासून म्हणाल्या. मी मान हलवली. माझ्या पायाशी कापलेले महिने साठत होते. त्यांतल्या एकेका एकादशीसाठी मी पंचांग उलटे-सुलटे केले होते, आणि त्यांच्यावाचून कोणाचेच अडले नव्हते. पुढच्या वर्षी कार्तिकापासून आखता आले असते, हे मला कळत होते. चूक दुरुस्त होण्याजोगी होती. पुन्हा नव्याने मांडायला बसण्याची उमेद तेवढी उरली नव्हती.

तिसऱ्या दुपारी मुख्याध्यापिकांचा फोन आला. "काय ठरलं हो तुमचं? वेळापत्रक लावायला घेतलंय."

"येते," मी म्हणाले, आणि पहिला तास कोणत्या वर्गावर आहे ते विचारून घेतले.