सरोजला न मानवणारी खोली

सरोज सामंत मूळची कुडाळची. नवऱ्याच्या नोकरीपायी चंडीगडला आली आणि पहिल्याच हिवाळ्यात एका स्वेटरवर दुसरा चढवून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तेव्हापासूनचा आमचा शेजार. बोलायला लागली की थांबायची नाही. शिवण मात्र अशी सुबक, की चंडीमंदिर छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका ब्लाउजची कापडं घेऊन तिच्याकडे यायच्या.

तिचे यजमान विश्वनाथराव सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत इंजिनिअर. एकोणऐंशीच्या सुमारास जिकडेतिकडे वीज वाचवायची चर्चा होती, ती त्यांनी भलतीच मनावर घेतली. सरोजच्या शिवणकामाच्या खोलीला आतून भुसा दाबून केलेले बोर्ड ठोकले, खिडक्यांच्या फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या, वरचे झरोके बुजवले. हीटर थोडाच वेळ लावला तरी खोली उबदार राही. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? बोर्डांना उग्र वास होता, पण नव्या वस्तूला वास असायचाच, असं आम्ही सगळेच म्हणालो. दिवेलागणीला दार उघडं ठेवायची सरोजची रीत तेवढी बंद पडली, कारण ऊब बाहेर जाते.

थंडी वाढली तसं सरोजचं डोकं दुखू लागलं. डोळे चुरचुरत, घसा खवखवे. डॉक्टरांना काही सापडेना. सेक्टर सतराच्या बाजारात नेली की तासाभरात ही टवटवीत! घरी येऊन मशीनवर बसली की पुन्हा कपाळ धरून. आता याला काय म्हणायचं? काम टाळते म्हणावं, तर शिवण तिचा जीव की प्राण. तिला विचारलं तर म्हणे, लक्ष्मी यायच्या वेळी दार लावतो, त्याचंच हे. विश्वनाथराव हसले, आणि तिथून पुढे तिचं कुठलंच दुखणं त्यांना खरं वाटेना. मुलगी चित्रा सांगे, "मम्मी, आपको यहाँ की हवा सूट नहीं करती." ती दिवसभर शाळेत, वडील प्रयोगशाळेत. दोघं ठणठणीत.

अखेर ठरलं, सरोजनं माहेरी जाऊन राहायचं, बरं वाटेपर्यंत. चित्रा शाळेसाठी इथेच. लेकीला सोडून जायचं म्हटल्यावर सरोज पार खचली. मला संताप आला होता, पण तो काढावा कुणावर, तेच कळेना.

जायच्या आधीच्या रविवारी तिनं नवऱ्याला एकच गोष्ट मागितली. "माझ्यासारखं दार लावून, हीटर लावून दिवसभर त्या खोलीत बसा." ते हसतच तयार झाले आणि ऑफिसची कामं घेऊन आत गेले.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा ते बाहेर आले ते डोळे चोळत. हे कशानं होतंय, म्हणाले, काही उमगत नाही. बोर्ड, रबर, हीटर, एकेकाचं नाव घेऊन झालं. प्रयोगशाळेत एवढी यंत्रं, पण हे कशानं मोजायचं ते त्यांना सांगता येईना. मग उठून खोलीत जाऊन त्यांनी खिडकीच्या पट्ट्या ओरबाडून काढल्या आणि खिडकी उघडली.

"तू जाऊ नकोस. हे बोर्ड उद्याच काढतो," ते सरोजला म्हणाले.

मला वाटलं ती हसेल. ती रडायलाच लागली.

"इतके दिवस सांगत होते, दुखतंय म्हणून," ती म्हणाली. "माझे डोळे खरे ठरायला तुमचे लाल व्हावे लागले."

उघड्या खिडकीतून गार वारा आत येत होता. विश्वनाथराव हातातल्या पट्टीकडे बघत राहिले.