दातबघे डॉक्टर

आमच्या निपाणीतले दातबघे डॉक्टर माणसाचा चेहरा हमखास विसरत, पण एकदा पाहिलेल्या हिरड्या त्यांच्या कायम लक्षात राहत. बाजारात कुणी नमस्कार केला की ते अनोळखी माणसाकडं बघावं तसे टक लावून बघत आणि म्हणत, "जरा आ करा बघू." त्यानं तोंड उघडलं की यांचा चेहरा खुलायचा. "अरे, तू होय! आईचा खोकला कसा आहे रे?" भर रस्त्यात तोंड वासून उभ्या असलेल्या माणसाला आईच्या खोकल्याविषयी काय सांगता येणार? पण डॉक्टरांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांचं आडनाव वेगळंच होतं. हे नाव ठेवलं बैलबाजारातल्या दलालांनी. "आमी बैलाचं दात बघताव, ह्यो गडी माणसांचं बघतोय," असं कुणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. पुढंपुढं पोस्टमनही याच नावानं हाक मारू लागला. डॉक्टरांना राग येत नसे. उलट ते म्हणत, "दलालाला बैलाचं वय कळतं, मला माणसाचं जेवण कळतं. धंदा एकच हाय."

खरं तर ते दात बघतच नसत. ते बघत हिरडीची कड. शिसं पोटात गेलं तर शरीर ते सहजी सोडत नाही, आत साठवत जातं आणि बरंच साठलं की दातांच्या मुळाशी निळसर रेघ उमटते, असं ते ज्याला त्याला सांगत. ऐकणाऱ्याला जांभई आली तर त्यांना फार आनंद होई, कारण तोंड आयतंच उघडायचं. मग ते दोन्ही हात पुढं धरायला लावून मनगट लटकं पडतंय का बघत, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त बघत आणि सगळ्यात शेवटी, कुठं दुखतंय ते विचारत. ताप आलेल्या माणसाचीही यातून सुटका नसे.

आता निपाणी पडलं तंबाखूचं गाव. घरोघरच्या बायका सकाळी उठल्या की चुलीपाशी बसून मिश्री लावणार. त्या काळ्या हिरड्यांवर निळी रेघ शोधायची म्हणजे कठीणच काम. पण डॉक्टर हार मानणारे नव्हते. खिशात कापूस आणि मिठाची पुडी घेऊनच ते फिरत. "पुसून जाते ती मिश्री, राहतं ते शिसं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांना लांबून येताना बघितलं की बायका पदर तोंडाला लावून आत पळत. एका लग्नात तर त्यांनी अक्षता पडल्या पडल्या नवरीलाच आ करायला सांगितलं. वरमाई अशी भडकली की डॉक्टरांना न जेवताच उठावं लागलं.

जेवायला थांबले असते तरी त्यांचं आधी स्वयंपाकघराकडं जाणं चुकलं नसतं. पांढरा रुमाल बोटाला गुंडाळायचा, रिकाम्या पातेल्याला आतून घासायचा आणि उजेडात धरायचा, ही त्यांची रीत. रुमालावर करडा डाग उठला की कल्हईत शिसं आहे असं समजायचं. मग समोर बासुंदी असो की पुरणपोळी, डॉक्टर भाकरी आणि कांदा मागून घेत. यजमानाचं तोंड उतरायचं. डॉक्टरांच्या पत्नी हयात होत्या तोवर त्यांना म्हणत, "लोक तुम्हाला लग्नाला बोलावतात हेच नवल." तेही खरंच होतं.

आता माझं सांगते. मी बेळगावजवळच्या उचगावची, निपाणीत दिलेली. सासरची माणसं मायाळू होती आणि आमटी आंबट होती. आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, चिंचेवर भारी जीव. सकाळी मोठ्या पितळी पातेल्यात आमटी शिजायची आणि दिवसभर त्यातच असायची. आधी पुरुष जेवत, मग आत्याबाई, आणि मी शेवटी पातेलं पुढ्यात ओढून बसायची. तळाची ती घट्ट, आंबटढाण आमटी मला फार आवडायची. खोटं कशाला बोलू, मी बोटानं पातेलं चाटूनपुसून काढायची.

दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट राहिलं नाही. तिसऱ्यांदाही तेच झालं. माझ्या पोटात कळा यायच्या, तोंड पांढरंफटक पडलं होतं. आत्याबाईंनी नवस केले, अंगारे लावले, आणि शेवटी आमच्या ह्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघितली. पाडवा झाला की सुपारी फोडायची, असं ठरलं. त्यांनी ते माझ्यापासून लपवलं नाही. माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणाल्या, "पोरी, तुज्यावर माजा राग न्हाय गं. पर घराला दिवा लागाय पायजे का नको?" आमचे हे तर उंबऱ्यावर बसून नखं कुरतडत होते. त्या दिवसांत मला जगणंच नकोसं झालं होतं.

अशात आत्याबाईंच्याच पोटात मुरडा आला आणि डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते आले, बसले आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "आक्का, आ करा."

"मी काय बाजारात उभारलेली म्हस हाय व्हय?" आत्याबाई कडाडल्या. "पोट दुकतंय माजं. पोट बगा!"

डॉक्टरांनी निमूटपणे पोट बघितलं. तेवढ्यात मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले. मिश्रीनं मला घेरी यायची म्हणून मी कधीच लावली नव्हती, ते त्यांनी ओळखलं असावं. मला खिडकीपाशी उभं करून ते म्हणाले, "सूनबाई, आ करा." मी आ केला. डॉक्टरांनी आधी खालची हिरडी बघितली, मग वरची. मग त्यांनी हळूच विचारलं, "पोटात कळा कधीपासनं येतात? आणि दिवस जाऊन राहत न्हाईत, असं झालंय का?"

हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. माझ्या हिरड्यांवर ठसठशीत निळी रेघ होती.

"म्हंजे दोष हिच्यातच हाय न्हवं?" आत्याबाई म्हणाल्या.

"तेच तर बघायचं हाय आक्का," डॉक्टर म्हणाले. "रेघ एकट्या हिलाच असली तर तुम्ही म्हणाल, हिनं माहेराहून आणली. पण तुमच्या हिरडीवरपण असली तर ती ह्या घरातली हाय. आता तुम्हीच ठरवा."

माझा संसार आत्याबाईंच्या तोंडात अडकून पडला होता, आणि ते तोंड त्या उघडायला तयार नव्हत्या. कितीतरी वेळ त्या ओठ घट्ट मिटून बसून राहिल्या. कधी माझ्याकडं बघत, कधी डॉक्टरांच्या कापसाकडं. तोंड उघडलंच नसतं तर दोष माझ्यावर राहिला असता आणि पाडव्याची सुपारी पक्की होती; त्यासाठी त्यांना एक शब्दही बोलावा लागला नसता. पण त्या उठल्या. परसात गेल्या, मिठानं खसाखसा हिरड्या घासल्या, चूळ भरली आणि येऊन डोळे गच्च मिटून आ केला. डॉक्टरांनी कापसानं उरलीसुरली मिश्री पुसली. पुसता पुसता ते थांबले.

"हाय," ते म्हणाले. "सुनेपेक्षा फिकी हाय, पण हाय." मग त्यांनी आमच्या ह्यांनाही आ करायला लावलं. त्यांची रेघ सगळ्यांत अंधूक होती. डॉक्टर हसले. "ह्या घरात कोण आधी जेवतं आणि कोण शेवटी, ते मला आता कुणी सांगायला नको."

पुढं रुमाल निघाला, पातेलं निघालं आणि रुमालावर करडा डाग उठला. ते लढाईचे दिवस होते. जपाननं मलाया घेतल्यानं तिकडून येणारं कल्हईचं कथील बंद झालं होतं आणि आमच्या कल्हईवाल्यानं त्यात शिसं मिसळायला सुरुवात केली होती. चिंचेचा आंबटपणा दिवसभर ते शिसं आमटीत उतरवत होता. हे कळल्यावर आत्याबाई ते पातेलं घेऊन खाली बसल्या.

"हिला डोहाळं लागलं की मी मुद्दाम चिच ज्यास्त घालायची वं," त्या म्हणाल्या. "आंबट खाऊ वाटतंय पोरीला म्हणून पातेल्यात राखून ठेवायची. कुनाला हात लावू दिला न्हाय." त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते.

डॉक्टर त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "तुमच्या मायेत खोट न्हाई आक्का. कल्हईत हाय. उद्यापासून आमटी मातीच्या मडक्यात करा, म्हंजे झालं."

आमचे हे आजवर गप्प होते, ते आता कल्हईवाल्याचा भाता फोडायला निघाले. डॉक्टर म्हणाले, "आधी त्याला इथं आणा, मग फोडा." त्याला आणल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याचंच तोंड बघितलं. त्याच्या हिरड्या आम्हा सगळ्यांपेक्षा काळ्यानिळ्या होत्या आणि पुढं धरलेलं एक मनगट खाली लोंबत होतं. "कथील कुटनं आनू, सायेब?" एवढंच तो म्हणाला. आमच्या ह्यांचा हात आपोआप खाली आला. डॉक्टर त्याला घेऊन सोप्यावर बसले आणि त्याच्यासाठी औषध लिहू लागले.

तिथंच डॉक्टरांनी आम्हाला आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील बेळगावात एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. पोट धरून विव्हळत, हात लटके पडून ते गेले. कुणी भानामती म्हणालं, कुणी दारू. त्या माणसानं आयुष्यात दारू घेतली नव्हती. पुढं डॉक्टरकी शिकताना पुस्तकात निळ्या रेघेचं चित्र समोर आलं आणि डॉक्टरांना वडिलांचं तोंड दिसलं. "तेव्हापासून मला लोकांचे चेहरे दिसतच न्हाईत," ते म्हणाले.

"मग तुमचं काय? तुमचं कोन बगतंय?" आत्याबाईंनी विचारलं.

"लहानपणी मीपण छापखान्यात खिळे तोंडात धरून खेळायचो, आक्का. माझ्या घरात आरसा न्हाई. दाढी न्हावी करतो." हे सांगताना ते हसत होते, पण त्यांना खरंच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई स्वतः जाऊन ती सोयरीक मोडून आल्या. चिंच सुटली नाही, पण चुलीवर मडकं आलं. आणि त्या मला बळंच आपल्या शेजारी ताटावर बसवायला लागल्या. "बस गप," म्हणायच्या, "डाक्टर आला आन् आ कर म्हनला तर काय उत्तर देऊ?" दोनएक वर्षांनी मला मुलगी झाली. मुलगी म्हणून कुणी नाक मुरडलं तर आत्याबाई त्याला घराबाहेर काढत. बारशाला डॉक्टर आले आणि त्यांनी पाळण्यात वाकून बाळाची हनुवटी खाली ओढली. "आवं, दातबी न्हाईत आजून, बगताय काय?" आत्याबाई ओरडल्या. डॉक्टर म्हणाले, "इतक्या चांगल्या हिरड्या मला रोज कुठं मिळतात?" त्या दिवशी त्यांनी आमच्या घरी पोटभर बासुंदी खाल्ली, रुमाल न काढता. आम्हाला फार मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं.

पुढं त्यांच्या डोळ्यांत काहीतरी उतरलं. ऑपरेशनही सफल झालं नाही, नजर गेली, आणि ते निपाणी सोडून बेळगावला पुतण्याकडं गेले. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाल्यावर मी माहेरी जाताना लेकीला घेऊन त्यांना भेटायला गेले. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. अगदी वाळले होते. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, पण ओळख पटेना. शेवटी म्हटलं, "आंबट आमटीवाली."

"अगं, तू होय!" ते एकदम सावरून बसले. "तुझी रेघ अजून माझ्या डोळ्यांसमोर हाय. गेली का ती? मला आता कसं कळणार?" मग त्यांनी चाचपडत माझ्या लेकीचा हात धरला. "बाळ, तुझ्या आईला आ करायला सांग. दाताच्या कडेला निळी रेघ दिसते का बघ बरं."

मी खाली बसले आणि आ केला. पोरीनं आजीकडून ऐकून ऐकून हा खेळ पाठ केला होता. तिनं कपाळाला आठ्या घालून बघितलं. "न्हाय. तांबडं हाय."

"नीट बघ."

"तांबडंच हाय की!" ती वैतागली. मग त्यांच्या खुर्चीला धरून म्हणाली, "आता तुमी आ करा."

मी तिला मागं ओढायला हात पुढं केला. डॉक्टर हसून टाळतील, असं मला वाटलं. पण त्यांनी मान वर केली, डोळे आमच्या आत्याबाईंसारखे गच्च मिटले आणि आ केला. पोरगी पायाच्या बोटांवर उभी राहून आत बघत राहिली.

"ह्यात दातच न्हाईत," ती म्हणाली. "सगळं तांबडं हाय."

दात नाहीत तिथं रेघही उरत नाही, हे डॉक्टरांइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्यांनी तोंड मिटलं, खिशातला पांढरा रुमाल काढला आणि डोळे पुसले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "परत एकदा सांग बाळ."