ई ड्राइव्हवरचा प्रबंध

“मशिन बंद करू नका!” मी दारातूनच ओरडलो.

लॅब अटेंडंट तुकाराममामा स्विचवर हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. “आवं सायेब, मी पंखा बंद करतोय.”

मी तेव्हा साताऱ्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीत सर्व्हिस इंजिनियर होतो. सकाळी विश्रामबागच्या कॉलेजमधून कांबळे मॅडमचा फोन आला आणि मी मिळेल ती एसटी पकडून सांगली गाठली. मॅडमचा पीएचडीचा प्रबंध त्या मशिनमध्ये होता. सोमवारी तो विद्यापीठात द्यायचा होता आणि आज शनिवार. लॅबमध्ये प्रिंटर नव्हता, फाइल फ्लॉपीवर घेऊन बाहेरून छापून आणायची होती. पण फ्लॉपी चालत नव्हती. हार्ड डिस्क तर इतकी थकलेली, की एकदा थांबली तर पुन्हा फिरेल याचा भरवसा नाही.

फ्लॉपी ड्राइव्हच्या तोंडात टॉर्च मारला. आत हळद, कुंकू आणि अक्षता.

मॅडम दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. इकडे मामांनी लॅबमधल्या यंत्रांची पूजा केली. मशिनची केली, बॅकअपच्या फ्लॉप्यांचीही केली.

“बाईंचं पुस्तक हाय न्हवं त्यात,” मामा म्हणाले, “म्हणून जरा जास्तच वाहिलं.”

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. मॅडम एकेक फ्लॉपी उलटी करून अक्षता झटकू लागल्या.

साताऱ्याला कंपनीतल्या साहेबांना फोन लावला.

“डिस्क काढून इकडे आण.”

“मशिन बंद करावं लागेल, सर. परत फिरली नाही तर?”

“मग डेमोचा लॅपटॉप नेलायस ना, त्याला जोड. आणि सांभाळ. उद्या तो तासगावच्या पार्टीला दाखवायचाय.”

तेव्हाच्या डॉस प्रणालीत इंटरलिंक नावाची सोय होती. दोन कॉम्प्युटर एका खास केबलने जोडायचे. आजारी मशिनने नुसतं आपलं कपाट उघडून बसायचं. लॅपटॉपला ती डिस्क आपलीच वाटते. फक्त चालू मशिनला अशी केबल लावू नये, पोर्ट जळतं, हे मीच लोकांना बजावत असे. तरी लावली. लॅपटॉपवर ती डिस्क ई ड्राइव्ह म्हणून दिसली आणि मी श्वास सोडला.

कॉपी मुंगीच्या पावलांनी होत होती. डिस्कमधून करकर ऐकू येत होती.

“शनवारी दुपारी लाईट जातीया हितं,” मामा म्हणाले.

“यूपीएस आहे ना?”

“हाय की. पर त्यो नुसता बोंबलतोय.”

मी कॉपी थांबवली. “मॅडम, सगळं निघेलच असं नाही. आधी काय घेऊ? शेवटचं प्रकरण?”

“नाही. मुलाखती घ्या.”

प्रबंध बेदाण्याच्या शेडवर राबणाऱ्या बायकांच्या दुखण्यांवर होता. मुलाखतींच्या वह्या पावसात भिजून गेल्या होत्या. “निष्कर्ष माझे आहेत, मी परत लिहीन,” मॅडम म्हणाल्या. “त्या बायका आता कुठे शोधू? हंगाम संपल्यावर कोण कुठल्या गावाला गेली, कुणाला माहीत?”

मुलाखती आल्या. मग एकेक प्रकरण येऊ लागलं. शेवटचं अर्धवट असताना लाईट गेली. यूपीएस खरोखरच नुसता बोंबलला, आणि करकर थांबली. लाईट आल्यावर मामांनी मशिनला थापट्या मारून पाहिल्या, हात जोडून पाहिलं. डिस्क पुन्हा फिरली नाही. मामा कोपऱ्यात जाऊन बसले. मॅडमनीच त्यांच्यासाठी चहा मागवला.

रविवारभर मॅडम लॅपटॉपवर शेवटचं प्रकरण नव्याने लिहीत बसल्या. तासगावच्या पार्टीला मी लॅपटॉप आजारी असल्याची थाप मारली, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. सोमवारी प्रबंध गेला. पुढे परीक्षकांनी त्या शेवटच्या प्रकरणाचं कौतुक केलं, असं कळलं. म्हणे नेमकं होतं, पाल्हाळ नव्हता.

तेव्हापासून कुणाचंही मशिन अखेरच्या घटका मोजायला लागलं, की मी आधी विचारतो, “यातलं काय तुम्हाला परत लिहिता येणार नाही?” बहुतेकांना विचार करायला वेळ लागतो. तेवढ्यात लाईट जाते.